लबाडाच्या पत्राला उत्तर देऊ नये

३ मार्च १९९९
आज ई-मेलचा पत्ता घेतला. यशोधराच्या सायबर कॅफेत. ही माझी विद्यार्थिनी. आता नगरच्या सावेडी रोडला चार कॉम्प्युटर मांडून बसली आहे. मॅडम, तुमच्याकडून पैसे कसले घ्यायचे, म्हणाली. घ्यायला लावले. निवृत्त मुख्याध्यापिका कुणाचं फुकट घेत नाही.
हे सगळं सुहाससाठी. ह्यूस्टनहून म्हणतो, आई, पत्र यायला तीन आठवडे लागतात, फोन महाग पडतो, मेल कर.
संकल्प: रोज एक मेल, उत्तम इंग्रजीत, किमान चार परिच्छेद. आजचा मेल चौथ्या परिच्छेदात असताना लाईट गेली. उद्यापासून.

९ मार्च
दोन मेल. सुहासचा: मिळाला, बिझी आहे. एवढंच. मोठ्या हुद्द्यावरची माणसं कमी लिहितात.
दुसरा अ‍ॅमस्टरडॅमच्या कुणा मिस्टर हेन्ड्रिकचा. मला लॉटरीत दहा लाख डॉलर लागले म्हणे! मी जन्मात लॉटरीचं तिकीट काढलेलं नाही. न मागता कुणी घबाड देऊ लागला, की समजावं, त्यालाच आपल्याकडून काहीतरी हवं आहे. एवढं न कळायला मी काय दुधखुळी आहे?
यशोधराने विचारलं, उत्तर द्यायचंय का मॅडम? पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथांचा नियम होता: आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर. पण तो सभ्य माणसांच्या पत्राला. लबाडाच्या पत्राला उत्तर देऊ नये. तिला दोनदा सांगितलं. शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या गृहस्थांनाही सांगितलं. ते उठून गेले.

१२ मार्च
हेन्ड्रिकची गंमत फोनवर मैत्रेयीला सांगत होते. मैत्रेयी म्हणजे माझी मुलगी, देवळाली प्रवरेला दिली आहे. जावई रंगनाथराव साखर कारखान्यात. तर ते बोलणं दगडाबाईने ऐकलं. दगडाबाई कामाला येते, मूळची शनिशिंगणापूरची. तिथे घरांना दारं नसतात, म्हणून ही माझ्याही घरात बेल न वाजवता शिरते.
आज दूधवाल्याने अभिनंदन केलं. इस्त्रीवाला पहिल्यांदाच नमस्कार म्हणाला. दगडाबाईला झापलं, तर म्हणते, अवं बाई, लागलीच हाय तर लपिवता कशापायी? आमी काय निम्मी मागतोय व्हय? पोरीच्या लग्नात एक पैठणी द्या, झालं.
ते खोटं आहे, हे तासभर समजावलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मंग हिरवी द्या.

२२ मार्च
हेन्ड्रिक पुन्हा. बक्षीस हाती येईपर्यंत घरच्यांनाही सांगू नका, म्हणतो. झालं, उघडा पडला! जी गोष्ट घरात बोलायची चोरी, तिच्यात काळंबेरं असतंच. लबाड ओळखण्यात माझा हात आता बसला आहे. यावर व्याख्यान द्यायला हवं.
आणि आज सुहासचा मोठा मेल. पहिलाच. त्याने ठरवलं आहे, आईने आता कायमचं ह्यूस्टनला यायचं. मला स्वतंत्र खोली, तिला लागून बाथरूम, खिडकीतून बाग. मी कधी मागितलं नव्हतं. न मागता सुचलं, याला संस्कार म्हणतात. मेल यशोधराला मोठ्याने वाचून दाखवला. छापूनही घेतला.

३ एप्रिल
सुहास लिहितो, मैत्रेयीला इतक्यात काही बोलू नकोस, उगाच तिच्या मनाला लागेल. किती जपतो बहिणीला! लहानपणी तिच्या वाटचे लाडूसुद्धा खायचा, हे तिने विसरायला हवं आता.
मैत्रेयीचा फोन आला होता. आई, तुझा आवाज असा का येतोय, म्हणाली. कैऱ्यांवर बोलले.
हेन्ड्रिक: आठ दिवसांत कळवा, नाहीतर बक्षीस दुसऱ्याला जाईल. हा माणूस मला घाई करतो! खरा व्यवहार करणारा माणूस समोरच्याला विचार करायला सवड देतो. व्याख्यानात घालायचं.

१७ एप्रिल
घर विकायचं ठरलं. हे घर ह्यांनी नोकरीत असताना एकेक खोली करून बांधलं. पण मी तिकडे गेल्यावर इथे कोण राहणार? सुहास म्हणतो, मे संपायच्या आत कर, नंतर भाव पडतील. पैसे त्याच्या पुण्याच्या खात्यात भरायचे. व्हिसावाल्यांना मुलाच्या खात्यात भरभक्कम रक्कम दिसावी लागते म्हणे. ही घाई सुहासची नाही, बाजाराची आहे.
शेजारच्या पुष्पावतीबाई म्हणाल्या, निदान तिकीट तरी येऊ द्या हातात. त्यांचा मुलगा इथेच केडगावला असतो. त्यांना परदेशातलं काय कळणार?

९ मे
व्याख्यान झालं. वाचनालयाचा हॉल. विषय: फसवे मेल कसे ओळखावेत. उपस्थिती नऊ. त्यांतल्या आठजणींचा ई-मेल नाही. एकीने विचारलं, हा मेल पोस्टमन आणतो की कुरिअरवाला?
मुद्दे मात्र बिनतोड. शेवटचा सर्वांत मोठा: जो देणार म्हणतो तोच जर आधी तुमच्याकडून मागतो, तर तो चोर. टाळ्या.
मागून यशोधराने हात वर केला. मॅडम, हे सगळं करणारा माणूस ओळखीतला असला तर?
मी सांगितलं, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. हॉल हसला. ती हसली नाही. शाळेतही अशीच होती, हट्टी.

२९ मे
किल्ल्या दिल्या. मागच्याच महिन्यात दाराला दोन नवी कुलुपं बसवली होती, चोरांच्या भीतीने. ती घराबरोबर गेली. दगडाबाई ओट्यावरून उगाच फडकं फिरवत राहिली. म्हणाली, पैठणीचं ऱ्हाऊं द्या बाई, तुमी तिकडं नीट जेवत जा.
मैत्रेयीला परवा सांगितलं. आरडाओरडा करील असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, आई, मला विचारायचं तरी होतंस गं.
तिकीट येईपर्यंत तिच्याकडे. पंधरा दिवसांचा तर प्रश्न. रंगनाथरावांनी मागच्या खोलीतलं शिलाईमशीन बाहेर व्हरांड्यात काढलं.

२६ जून
देवळालीत सायबर कॅफे नाही. दर शनिवारी एसटीने नगरला येते. सुहास लिहितो, व्हिसाचे कागद अडकलेत. अमेरिकन सरकार फार शिस्तीचं आहे.
बॅगा उघडलेल्या नाहीत. उघडल्या की पुन्हा भरायचा व्याप. दोन साड्यांवर उत्तम भागतं.

१४ ऑगस्ट
आनंदाची बातमी! सुहासने ह्यूस्टनला घर घेतलं. फोटो पाठवला. उघडायला पाऊण तास लागला, वरून खाली हळूहळू उतरला: आधी आकाश, मग छप्पर, मग खिडक्या. खालच्या मजल्यावरची डावीकडची खिडकी माझ्या खोलीची. बाग दिसतेच.
सध्या त्या खोलीत सुनेचे आईवडील आहेत. सध्या.
मीच यशोधराला म्हटलं, त्यांनाही मुलगी आहे, येणारच ना. ती म्हणाली, हो मॅडम.

१८ सप्टेंबर
सुहासचा मेल नाही. मी चार पाठवले होते, प्रत्येकी चार परिच्छेदांचे. एवढं वाचायलाच वेळ लागत असेल. संकल्प: यापुढे एकच परिच्छेद.
बॅगेतून स्वेटर काढावा लागला. एकच बॅग उघडली. दुसरी नाही.

२३ ऑक्टोबर
मेल नाही. मी एका ओळीवर आले आहे.
मैत्रेयी म्हणाली, आई, आता शनिवारची नको जाऊस, पाय सुजतात तुझे. तिला म्हटलं, तिकीट येऊन पडलं आणि मी तिथे नसले तर? ती उठून आत गेली. रंगनाथरावांनी भिंतीला माझ्या साड्यांसाठी दांडी ठोकायला घेतली होती. कशाला भिंत खराब करता, म्हटलं. ठोकली तरी.
आज यशोधराने पैसे घेतले नाहीत. मीही दिले नाहीत. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं.

४ डिसेंबर
एक मेल! माझ्या आधी यशोधराने नाव पाहिलं आणि स्क्रीन स्वतःकडे वळवू लागली. मी हात धरला.
मिस्टर हेन्ड्रिक. लिहितो, डिअर मॅडम, बरेच महिने तुमच्याकडून काही कळलं नाही, त्यामुळे काळजी वाटते. आपली प्रकृती ठीक आहे ना? आम्ही अजूनही आपली वाट पाहत आहोत.
मेल तीनदा वाचला. इंग्रजी अगदीच सुमार. यशोधरा म्हणाली, मॅडम, पुसून टाकू ना?
तिला म्हटलं, खुर्ची सरकव.
डिअर मिस्टर हेन्ड्रिक, मी ठीक आहे, थंडीने गुडघे दुखतात एवढंच. पैशांची मला गरज नाही. उत्तराला उशीर झाला, माफ करा, आमच्याकडे ही पद्धत नाही. मग पुढे सगळं ओघाने येत गेलं. चार परिच्छेद झाले. लाईट गेली नाही.
शेवटी बदललेला पत्ताही कळवला.