कमी कुरेंतचा ड्रायर

सिल्विका मावशी,

तुझ्या दोन्ही हातांचं चुंबन घेऊन आधी एक प्रश्न विचारते, मग ख्यालीखुशाली. माझे केस कोणत्या प्रकारचे आहेत? मला याचं उत्तर देता येत नाही. रसायनशास्त्राची पदवी घेतली, आपल्या दोन्ही घराण्यांतली पहिली (आईने ती लॅमिनेट करून फ्रीजवर लावली आहे, भिंतीला ओल असते म्हणून), पण गेले तीन आठवडे हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतं आणि मी आरशासमोर जाऊन उभी राहते. तू इटलीत नऊ वर्षं त्या म्हाताऱ्या बाईंचे केस धुतेस, तुला कदाचित कळेल. त्यांची तब्येत कशी आहे? अजून सूप थुंकतात का? तुझा गुडघा कसा आहे? घरी बर्लादमध्ये सगळे मजेत आहेत. बाबांची पाठ आणि आईची डोकेदुखी जागच्या जागी आहेत.

तुला माहीत आहेच, मला नोकरी लागली. वालेया पुपेझेई नावाच्या गावात, बर्लादहून मिनिबसने अडीच तास, वर डोंगरात. शाळेत त्रेसष्ट मुलं आहेत आणि तीन वर्षं रसायनशास्त्राला शिक्षक नाही. तो विषय व्यायामाचे सर शिकवतात, म्हणजे पाऊस पडला की शिकवतात. मुख्याध्यापिका बाईंनी फोनवर सांगितलं की यादीतले चार उमेदवार गाव नकाशावर पाहूनच परत फिरले. मी मात्र तो नकाशा पाहून रडले, आनंदाने. (हसू नकोस. मला खरंच वाटतं की त्या त्रेसष्टांतल्या एखादीला आम्ल आणि अल्कली एकमेकांना भेटल्यावर काय होतं ते दिसलं, तर तिचं आयुष्य बदलेल.) हजर व्हायचं होतं सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी. त्या दिवशी आले नाही तर जागा पुन्हा यादीवर जाईल, म्हणजे पुन्हा व्यायामाच्या सरांकडे.

आईने नाही म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. ती म्हणाली, जा, जरूर जा, फक्त एक अट. तिथे वारा असतो, तुझे केस कमरेपर्यंत, घरात चूल लाकडाची. ओल्या केसांनी बाहेर पडलीस आणि वाऱ्याचा कुरेंत अंगाला लागला की संपलं. तेव्हा तुझ्या केसांना मानवेल असा ड्रायर मिळू दे, मग खुशाल जा. लगेच तिंकुत्साबाईंना (तिसरा मजला, त्याच) हाक मारून साक्षीला बोलावलं. तिंकुत्साबाईंच्या चुलतबहिणीचं तोंड १९८४ साली कुरेंतने वाकडं झालं होतं. त्यांनी ते स्वतःच्या तोंडाने करून दाखवलं आणि सरळ व्हायला बराच वेळ घेतला. मी आईला समजावलं की आजार जंतूंमुळे होतात. आकृतीसुद्धा काढली. आई म्हणाली, "आणि तुझे जंतू येतात कशावर बसून? कुरेंतवरच ना?"

पहिला ड्रायर घ्यायला आम्ही दोघी गेलो. दुकानात मिराबेला नावाची मुलगी होती, भुवया कंपासने काढल्यासारख्या. तिने विचारलं, केस कोणत्या प्रकारचे? मी म्हटलं, तपकिरी. तिने माझ्याकडे मी व्यायामाच्या सरांकडे पाहीन तसं पाहिलं. पातळ की जाड, सरळ की कुरळे, तेलकट की कोरडे, असं ती विचारत गेली, आणि प्रत्येक प्रश्नाला आई माझ्या आधी उत्तर देत गेली, प्रत्येकाला "दोन्ही". शेवटी मिराबेलाने कंटाळून एक गुलाबी, तळहाताएवढा ड्रायर काढला आणि म्हणाली, हा घ्या, याला कुरेंत अगदी कमी. आईचा चेहरा उजळला. "कमी कुरेंत! हाच द्या!" मला कळेपर्यंत तो पिशवीत पडला होता. (आपल्याकडे विजेलाही कुरेंत आणि दारा-खिडकीतून घुसणाऱ्या वाऱ्यालाही कुरेंत. हे ज्या पूर्वजाने ठरवलं, त्याला मला एकदा भेटायचं आहे.) मिराबेला विजेच्या बिलाबद्दल बोलत होती आणि आईने ऐकलं की अखेर असा ड्रायर निघाला ज्यातून वाराच येत नाही. वाईट म्हणजे ते खरं निघालं. तासभर तो माझ्या कानात उसासे टाकत होता. पुढचे केस वाळले, मागचे वाळेपर्यंत पुढचे घामाने पुन्हा भिजले, कारण ऑगस्टचा महिना, आणि ड्रायर चालू असताना घरातली एकही खिडकी उघडी ठेवायची नाही असा हुकूम होता.

दुसऱ्या वेळी मी एकटी गेले आणि दुकानातला सगळ्यात ताकदवान ड्रायर आणला. बटण दाबलं, विमान उठल्यासारखा आवाज झाला, आणि अख्ख्या घराचा फ्यूज उडाला. बाबा आतल्या खोलीत सामना बघत होते, पेनल्टीची किक मारायला खेळाडू धावत निघाला होता. त्या किकचं काय झालं हे त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर, गॅरेजमध्ये कळलं आणि त्यांनी चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. फ्यूज बदलल्यावर पुन्हा लावला, तर कपाळावरच्या केसांना भाजल्या पिसांसारखा वास आला. आई समाधानाने म्हणाली, "बघ. शिकलेल्या माणसाने आणला की असं होतं."

तेव्हा मी ठरवलं की आता शास्त्रानेच जायचं. कुठेतरी वाचलं होतं की स्वच्छ केस पाण्याच्या ग्लासात टाकावा. तरंगला तर तो पाणी घेत नाही, हळू वाळतो. बुडाला तर भसाभस पाणी पितो, त्याला सौम्य ऊब हवी. मी तीन ग्लास घेतले, पुढचा केस, मधला, मागचा, आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवले. पुढचा बुडाला. मागचा तरंगला. मधल्याचा निकाल कळला नाही, कारण बाबांनी प्रयोग पिऊन टाकला. (चार दिवसांनी ते पहिल्यांदा बोलले: "पाण्यात केस होता.")

पण निदान एवढं कळलं की माझ्या डोक्यावर दोन-तीन बायकांचे केस आहेत. हे सगळं वहीत लिहून मी मिराबेलाकडे गेले, आणि मावशी, त्या मुलीबद्दल मी जे काही मनात आणलं होतं ते मागे घेते. तिने वही वाचली, मला स्टुलावर बसवलं, मागच्या केसांचे पेड सोडवून पाहिले आणि म्हणाली, आधीच हे आणायचं ना बाई! पुढचे, वरचे पातळ आणि सरळ, मागचे, खालचे दाट आणि कुरळे. तुला दोन वेग, तीन उष्णता आणि गार वाऱ्याचं बटण असलेला हवा. वरच्या केसांना चपटं तोंड लावून मंद उष्णता, मुळांकडून टोकांकडे. खालच्या केसांना ते काट्यांचं पसरट भांडं लाव, केस त्यात ठेव आणि हात हलवू नकोस. शेवटी गार वारा. पदवी नसताना तिला माझ्या डोक्याची रचना माझ्यापेक्षा चांगली कळली होती. मी तिला सांगितलंही की तू शिकवायला हवंस. ती म्हणाली, "मग ड्रायर कोण विकणार, तू?"

तो ड्रायर चांगला निघाला. फ्यूज उडाला नाही, काही जळलं नाही, वीस मिनिटांत केस वाळले आणि असे बसले की बाबांनी विचारलं, कुणाचं लग्न आहे? मी आईकडे पाहिलं. आईने ड्रायर हातात घेतला, उलटा केला, त्याची वायर मोजली. आखूड आहे, म्हणाली. मग म्हणाली, बस, मागचे ओले राहिलेत, मी करते. मी बसले. लहानपणी चुलीपुढे पाठ करून बसवायची, तशी. तिने बोटांनी एकेक बट उचलून वाळवायला सुरुवात केली. बराच वेळ गेला. मी विचारलं, वाळले ना गं? ती म्हणाली, अजून नाही. पुन्हा विचारलं. अजून नाही. केस केव्हाचे वाळले होते, मावशी. ते तिच्या बोटांना कळत नसेल असं होणं शक्य नाही.

मला तेव्हा फार राग आला. अजूनही रागच आहे. जिने माझ्या पुस्तकांसाठी रात्रपाळ्या केल्या, ती माझ्या पुस्तकांना घराबाहेर का जाऊ देत नाही? तू तिची धाकटी बहीण. तू इटलीला निघालीस तेव्हाही तिने काही मागितलं होतं का गं? मला कधी कुणी सांगितलं नाही.

असो. पत्र लांबलं. त्या बाईंना माझा नमस्कार सांग, आणि गुडघ्यावर कोबीचं पान बांधत जा. शास्त्रात त्याला आधार नाही, पण बांध.

तुझी भाची,
स्मारांदा

ता.क. तो चांगला ड्रायर आता आपल्याकडे नाही. बुधवारी दुपारी आईने तो पावतीसकट दुकानात परत केला. कारण लिहायच्या रकान्यात तिने लिहिलं, "शिटी मारतो." मिराबेलाचा मला फोन आला. ती म्हणाली, तुझ्या आईने दुसरा मागितलाच नाही, नुसती इतरांचे केस बघत उभी राहिली.

ता.क. २. खरं काम हे. रविवारी आईला फोन कर आणि सांग की तुला ड्रायर हवा आहे, त्या बाईंच्या केसांसाठी, आणि तो तिनेच निवडायचा. बाईंचे केस कसे आहेत ते तिला नीट सांग. ती जो सुचवेल त्यात काहीतरी खोट काढ. वायर आखूड आहे म्हण. घाई करू नकोस, नाताळपर्यंत तरी कुठलाच पसंत पडू देऊ नकोस. तिला हे काम फार चांगलं जमतं, आणि सध्या तिच्या हाताला काम हवं आहे.

ता.क. ३. कारण हे पत्र मी वालेया पुपेझेईच्या शाळेतून लिहिते आहे. गुरुवारी पहाटे केस धुतले, टॉवेलने पुसले आणि सहा दहाच्या मिनिबसमध्ये खिडकीशी जाऊन बसले. आई सपाता घालूनच स्टॉपवर आली. टाचा उंचावून बाहेरूनच माझी खिडकी सरकवून घट्ट बंद केली, आणि बस हलेपर्यंत काचेवर तळहात ठेवून उभी राहिली. आत माणसं उकाड्याने वैतागली होती, पण कुणी खिडकी उघडायला सांगितलं नाही. वळण आलं, ती दिसेनाशी झाली, आणि मी खिडकी उघडली.