सात नंबरची दोरी

अण्णा,

तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती तुम्ही असताना करायची राहून गेली. गेल्या उन्हाळ्यात माझे लोकरी मोज्यांचे पाच जोड वाया गेले. त्याला सर्वस्वी तुम्ही जबाबदार आहात. दुसऱ्याच्या उंबऱ्यात पादत्राण काढायचं, ही शिस्त तुम्ही मला आठव्या वर्षी लावलीत. शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात मी चपलांसकट शिरलो होतो. तुम्ही रागावला नाहीत, नुसतं ओलं फडकं हातात दिलंत आणि ओट्यापासून दारापर्यंतची फरशी माझ्याकडून पुसून घेतलीत. काकू नको नको म्हणत राहिल्या. संस्कृतच्या मास्तरांना शिक्षा करताना आवाज चढवावा लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पण स्कॉटलंडमधल्या दलदलीचा तुमच्या धर्मशास्त्राने विचार केलेला नाही, एवढंच माझं नम्र म्हणणं आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी टेक्सासात, अर्विंगला होतो. आता न्यू जर्सीत, पार्सिपनीला असतो. बायको आहे, कॉलेजला निघालेली मुलगी आहे, आणि बर्फ उपसायचं एक फावडं आहे, जे फक्त मलाच सापडतं. लहान वीजकेंद्रांना लागणारी संगणकयंत्रणा आमची कंपनी बनवते. ती बसवायला मला जूनमध्ये सहा आठवडे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका वस्तीत पाठवलं. गाव म्हणणं धाडसाचं होईल. नऊ घरं, एक चर्च, आणि फक्त मंगळवारी उघडणारं पोस्ट. समुद्राचा एक चिंचोळा फाटा डोंगरात शिरलेला, त्याच्या कडेनं एकच गाडी मावेल एवढा रस्ता, आणि झाड औषधालाही नाही. पायाखालची जमीन स्पंजासारखी. तिचे विटांएवढे तुकडे कापतात, वाऱ्यावर वाळवतात आणि तेच शेगडीत जाळतात. जळताना ओल्या गोणपाटाचा वास येतो. वारा पडला की चिलटं, चिलटं गेली की पाऊस. सूर्य मावळायचं नाव घेत नाही. सायंसंध्येची वेळ नक्की कोणती, हे मी तुम्हाला विचारणार होतो.

तिथे कुणी दार वाजवत नाही. चिखलाच्या बुटांनी थेट शेगडीपर्यंत जायचं आणि मग हवापाण्याविषयी बोलायचं, अशी रीत. मी मात्र प्रत्येक दाराबाहेर पावसात एका पायावर उभा राहून बूट सोडायचो. माझा मुक्काम एका बहीणभावाकडे होता. दोघंही ऐंशीला टेकलेली, दोघांनीही लग्न केलं नव्हतं. म्हातारा जन्मभर मेंढपाळ. माझे मोजे बघून तो रोज गंभीरपणे विचारायचा की अमेरिकेत बूट इतके महाग झालेत का, की घालायचेसुद्धा जपून. समोरच्या प्रत्येक टेकडीला नाव होतं. संध्याकाळी तो ती नावं माझ्याकडून घोकून घ्यायचा. चुकलो की मान हलवायचा आणि पुन्हा पहिल्या टेकडीपासून सुरुवात. पंचेचाळीसाव्या वर्षी मी परत रामः रामौ रामाः करत होतो. मला ते आवडत होतं, हे त्याला कळू दिलं नाही. तुम्हालाही कधी कळू दिलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात तो गेला. दुपारचा चहा झाल्यावर, खुर्चीतच, बूट घातलेले.

त्यांच्याकडे शवपेटी खड्ड्यात उतरवायला आठ दोऱ्या असतात. कोणती दोरी कुणी धरायची ते नातं बघून ठरतं आणि ज्याला त्याला नंबर घातलेलं छोटं कार्ड मिळतं. एक नंबर डोक्याकडचा, सर्वांत जवळच्या माणसाचा. तो कॅनडातल्या पुतण्याचा होता. त्याला म्हाताऱ्यानंच लहानाचं मोठं केलेलं. त्याचं विमान चुकलं. वस्तीत धडधाकट पुरुष सहाच. म्हातारीनं सकाळी माझ्या बशीशेजारी कार्ड ठेवलं, सात नंबरचं, आणि अंडं एक हवं की दोन ते विचारलं.

तर मी उभा आहे. समुद्राच्या अगदी काठाला दफनभूमी, गवत पोटरीएवढं, पाऊस आडवा. पाद्री बोलायचा थांबतो. मी खाली वाकून बूट काढतो आणि नीट जोडीनं बाजूला ठेवतो. माझ्या मनात काही नाही, हात आपोआप जातात. मान वर करतो तर सगळी वस्ती माझ्या मोज्यांकडे बघतेय. कुणी हसत नाही. एक नंबरची दोरी रिकामी आहे, तिथे बायका दोरी धरत नाहीत म्हणे. म्हातारी पुढे येते, ती उचलते आणि माझ्याकडे बघून मान हलवते, म्हणजे, सोड हळूहळू. तुम्ही शिकवलेलं स्तोत्र मी मनात म्हणायला लागलो, अण्णा, आणि तिसऱ्या ओळीला अडलो. दोरी ओली होती, हातातून सरकत गेली. परत आल्यावर स्नान करावं म्हटलं, तर हातात व्हिस्की आली. देशकाल बघून मी आचमन केलं.

पुतण्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला पोहोचला. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, दारातच थांबला आणि टोरांटोचं वादळ, हुकलेली विमानं, असं सगळं सांगू लागला. म्हातारीनं ऐकून घेतलं नाही.

"सूप गार होतंय," ती म्हणाली. "आधी बस."

तो बसला. जेवता जेवता रडला. तिनं त्याच्यापुढे पाव सरकवला. मग दोघं दफनभूमीकडे चालत गेली.

तुमच्या वेळी सगळे मला समजावत होते की तू पोहोचूच शकला नसतास. खरंच होतं. व्हिसाचे कागद वकिलाकडे अडकले होते, देशाबाहेर पडलो असतो तर नोकरी गेली असती, आणि अग्नी काही थांबत नाही. धाकट्यानं सगळं केलं. पण कागद तीन महिन्यांत आले, अण्णा. त्यानंतरही मी दीड वर्ष गेलो नाही. आता जाऊन करायचं काय, असं मी म्हणत होतो. उशिरा गेलेल्यालाही कुणीतरी जेवायला वाढतं, हे मला त्या स्वयंपाकघरात दिसलं.

आता कुठलेही कागद अडलेले नाहीत. आई घरी एकटीच असते, धाकटा नाशिकला. यंदा एप्रिलमध्ये ती न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण आता काठी घेते. मी म्हणालो, प्रोजेक्ट संपू दे, दिवाळीत बघू. बायको म्हणाली, "परक्या म्हाताऱ्याला खांदा द्यायला वेळ मिळतो तुला." मी तिला खांदा आणि दोरी यांतला भेद समजावायला लागलो, तेव्हा ती खोलीतून निघून गेली. मुलगी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, जस्ट गो, यार." बापाला यार म्हणते. तुम्ही तिच्याकडून कुठली फरशी पुसून घेतली असतीत, कोण जाणे.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून ऱ्हस्वदीर्घ तपासलेलं नाही. सांगायचं एवढंच होतं. आई दर रविवारी फोनवर विचारायची, केव्हा येतोस. गेले तीन रविवार तिनं विचारलेलं नाही. बाकी सगळं बोलते, दूधवाला, गुडघा, नवी कामवाली. तिच्या पडण्याची मला तेवढी काळजी नाही. तिनं माझी वाट बघणं सोडलं असेल, याची वाटते.