यकृतातील न विझलेला दिवा

बिबवेवाडी, पुणे
१४ ऑगस्ट २०१९

चि. संपत यास दादाचे मनःपूर्वक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीस आता जेवण जाते. स्तनाच्या कर्करोगाचे पसरणे काल यंत्राच्या चित्रात पाहिले. शिरेतून किंचित किरणोत्सारी साखर दिली, आणि देहातील रोग दिव्यांसारखा उजळला! औषधाने हाडांतील दिवे विझले आहेत. यकृतातील एक मात्र तेवतो आहे.

"तोच का विझत नाही?" मी विचारले.

"आजोबा, आम्ही तेच शोधतोय," डॉक्टर बिलकिस म्हणाल्या. त्यांनी त्याच अभ्यासासाठी संमतिपत्र दिले. मी ते वाचत असतानाच तुझ्या वहिनीने सही केली.

"ह्यांचं वाचून होईस्तोवर मी थांबू का? पुढच्या बाईला तरी उपयोग होईल."

सोमवारी औषध बदलणार आहेत. आक्का कशी आहे? तिला तूर्त हाडांचेच सांग.

तुझा,
बजरंगदादा