कलम सत्तावीस आणि समोरच्या बाई

तीर्थस्वरूप भाऊजींना साष्टांग नमस्कार. (गेल्या आठवड्यापासून माझी कंबर धरली आहे, त्यामुळे आठही अंगं टेकत नाहीत. तूर्त साडेपाच अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा, उरलेला बरं वाटल्यावर पूर्ण करीन.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? तिने परवा फोनवर सांगितलं की तुम्ही हल्ली न उठवता पहाटे पावणेसहाच्या आत उठून बसता. ऐकून बरं वाटलं. वकिली सोडल्यावर माणूस सुस्तावतो म्हणतात, तुमचं उलटंच दिसतं. आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहिणार होतो, पण 'ठीक' हा शब्द मोघम आहे आणि 'सगळे' हा खोटा आहे. ही ठीक आहे, मुलगी ठीक आहे. मी हे पत्र लिहिताना आतापर्यंत चार वेळा उठून दारापर्यंत जाऊन आलो आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोन काय काय ऐकतो हे कलम बारामध्ये दिलेलं आहे, आणि ते मी वाचलेलं आहे. माझ्या दुःखाचं मूळच मुळी वाचण्यात आहे.

तीन महिन्यांपूर्वी तुम्ही आलात तेव्हा आमच्या दारातून मिक्सरच्या भांड्याचं पार्सल नाहीसं झाल्याची हकीकत तुम्ही ऐकलीत, आणि दुसऱ्याच दिवशी ती कॅमेऱ्याची घंटा आणून दिलीत. नोंदणीही तुम्ही तुमच्याच नंबरावर करून टाकलीत. फक्त घरच्या फोनवर 'मान्य' म्हणायचं तेवढं आमच्याकडे ठेवलंत. जाताना म्हणालात, "काही नाही रे, मान्यवर बोट ठेव की झालं." भाऊजी, तुम्ही आयुष्यभर कोर्टात उभे राहिलात. न वाचता कशावरही सही करायची नाही हे वाक्य मी माझ्या घराच्या कराराच्या वेळी तुमच्याच तोंडून ऐकलं आणि रोजनिशीत लिहून ठेवलं. (तारीख हवी असल्यास कळवीन.) आणि मी पडलो वजनकाटे तपासणारा. अर्ध्या ग्रॅमचा फरक असला तरी मी काट्यावर शिक्का मारत नाही. तो मी बासष्ट पानं न वाचता मान्य म्हणू?

तर वाचली. अकरा दिवस लागले. तोवर घंटा खोक्यासकट फ्रिजवर. मुलगी म्हणाली, बाबा, हे जगात कुणीच वाचत नाही. मी म्हटलं, म्हणूनच ते असं लिहितात. बासष्टपैकी अठ्ठावन्न पानांशी माझं भांडण नव्हतं. कलम एकोणीस मात्र म्हणतं की दारात बोलणाऱ्या माणसाचा आवाज कंपनी ठेवून घेऊ शकते, आणि कलम चौतीस म्हणतं की तक्रार असल्यास ती समुद्रापलीकडच्या एका शहरातच करावी. मी सगळं छापून घेतलं, ही दोन कलमं पट्टी लावून खोडली, प्रत्येक खोडीशेजारी छोटी सही केली आणि कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. सोबत नम्र पत्र, की उरलेलं मान्य आहे, घंटा चालू करावी. दोन महिन्यांनी उत्तर आलं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, आपण आम्हाला पाचपैकी किती तारे द्याल?

मी तारे किती द्यावेत या विचारात असतानाच हिने भांडी घासता घासता येऊन ओल्या अंगठ्याने 'मान्य' दाबलं. म्हणाली, फ्रिजवरची धूळ पुसायची आहे, खोकं हलवा. (बायकोच्या ओल्या अंगठ्याने नवरा बांधला जातो का, हा माझा पहिला कायदेशीर प्रश्न. संसारापुरतं उत्तर मला माहीत आहे, घंटेपुरतं हवं आहे.)

आता कलम सत्तावीस. त्यात लिहिलं आहे की घंटेच्या कॅमेऱ्यात जी जी माणसं येतील त्यांची परवानगी घेणं ही घंटेवाल्याची जबाबदारी. हे कुणी करत नसणार, कारण हे कुणी वाचत नाही. मी वाचून बसलो होतो. मग एक संमतिपत्र स्वतःच्या हाताने लिहिलं आणि त्याच्या चाळीस प्रती काढल्या. दूधवाल्याने विचारलं, सही केली तर दूध बंद करता येणार नाही असं काही आहे का यात? कचरा नेणाऱ्या मावशी म्हणाल्या, आधी मी कशी दिसते ते दाखवा, मग ठरवते. पार्सलवाल्याने न वाचताच सही ठोकली. मला ते सहन होईना, म्हणून त्याला जिन्यात उभा करून तीनही परिच्छेद वाचून दाखवले. त्या दिवशी त्याची अकरा पार्सलं उशिरा पोचली म्हणे. तेव्हापासून तो आमची पार्सलं कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात ठेवून जातो, दूधवाला पिशवी खालच्या कठड्याला अडकवतो, आणि मावशी लांबूनच "कचरा" म्हणून हाक मारतात. भाऊजी, तुम्ही दिलेली घंटा उत्तम आहे. ती वाजवायला कुणी येत नाही, एवढंच.

पण हे सगळं मी टाळाटाळ म्हणून करत होतो, हे कबूल करतो. ज्यांची परवानगी सगळ्यात आधी घ्यायची त्या समोरच होत्या. घंटा जिथे बसवली आहे तिथून आमचा उंबरा दिसतो आणि त्यापलीकडे समोरच्या बाईंचं अख्खं दार. (बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. सगळी इमारत त्यांना बाईच म्हणते. तुम्हाला त्यांनी जिन्यात चप्पल घासू नका म्हणून बजावलं होतं, त्या.) चौदा वर्षं आमच्या घराची जादा किल्ली त्यांच्या भिंतीवरच्या खिळ्याला असते. मी दोनदा, ही एकदा आणि मुलगी अगणित वेळा बाहेर अडकलो, तेव्हा त्या किल्लीने आत आलो आहोत.

घंटा बसल्याच्या दुसऱ्या सकाळी साडेसहाला उठून फोन पाहिला, तर त्यात एक नोंद. पाच चाळीस, दारात व्यक्ती. उघडली. बाई स्वेटर घालून येतात, आमच्या कडीत अडकवलेला पेपर हळूच काढतात आणि आपल्या घरात जातात. सहा पंचवीसला पुन्हा येतात, पेपर घडी मोडू न देता होता तसा लावतात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. एकवीस दिवसांत एकोणीस वेळा. (दोन दिवस पेपरवाला आजारी होता.)

मला राग आला नाही, हे देवाशपथ सांगतो. उलट इतकी वर्षं मी पेपरवाल्याला घडीबद्दल शाबासकी देत आलो, ती परत घ्यावी की राहू द्यावी एवढाच प्रश्न पडला. पण मग मी त्या दिवशीचा पेपर खिडकीशी तिरका धरून पाहिला. तुम्हाला माहीतच आहे की शब्दकोडं मी दहा मिनिटांत सोडवतो. मी ते चारचौघांत सांगतोही. (तुमच्यासमोरच किती वेळा सांगितलं आहे, ते आठवून कान गरम होतात.) कोड्याच्या प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने लिहून खोडरबराने नीट पुसल्याच्या खाचा होत्या. चौदा वर्षं माझं पेन त्या खाचांतून चालत होतं आणि मी त्याला बुद्धी समजत होतो.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं, असं ही म्हणते. पण माझ्याकडे एका बाईमाणसाच्या एकोणीस हालचालींची माहिती तिच्या नकळत जमा झालेली. ती माझ्याकडे आहे हे तिला कळण्याचा तिचा हक्क आहे, असं मला वाटलं. अजूनही वाटतं. (वाटावं का?) म्हणून मी संमतिपत्र घेतलं, आणि अर्धवट सत्य सांगायला नको म्हणून त्याला एक परिशिष्ट जोडलं. एकोणीस ओळी, तारीख, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ. कोड्याबद्दल आभार तोंडी मानायचे ठरवले होते.

तिथवर गोष्ट गेलीच नाही. बाईंनी दारात उभ्या उभ्या परिशिष्ट वाचलं. उत्तरपत्रिका तपासताना वाचतात तसं, ओळीवर बोट ठेवून. मग आत गेल्या, खिळ्यावरची किल्ली काढून आणली आणि माझ्या हातावर ठेवली.

"चौदा वर्षं मी तुझं घर सांभाळलं," त्या म्हणाल्या, "आणि तू माझी हजेरी घेतलीस."

दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते हळू लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराच्या बाहेर बघायच्या भोकाला आतून जखमेवरची पट्टी चिकटवलेली दिसली, आणि आमच्या दाराखाली लाल शाईतली चिठ्ठी आली. रविवारपर्यंत सगळं पुसल्याचा पुरावा आणून दाखवणे, अन्यथा इमारतीच्या सभेत तक्रार. तक्रारीची भीती नाही. मीच तिला अनुमोदन देईन. पण किल्ली माझ्या खिशात आहे आणि ती मला टोचते. पेपर साडेसहापर्यंत कडीतच असतो. कोडं कोरं असतं. काल मला त्यातले तीन शब्द आले, पैकी एक चुकला.

मी म्हटलं बाईंकडे जाऊन समजावतो. ही म्हणाली, जा, पण माफी मागायला जाताना सोबत यादी नेऊ नका. संध्याकाळी मन रमवायला रोजनिशी काढली, तर तिच्यात जिथे तिथे बाई. बाईंना ताप होता तो आठवडा. बाईंचा मुलगा येणार होता आणि आला नाही ते दोन रविवार. जिन्यात त्या माझ्याशी काय बोलल्या आणि बोलता बोलता कुठे थांबल्या. घंटेने एकोणीस नोंदी ठेवल्या, मी चौदा वर्षांच्या, आणि एकीलाही बाईंची सही नाही. (रोजनिशीला कुठलं कलम लागतं हा दुसरा प्रश्न.) हिला विचारलं. ती म्हणाली, स्वतःपाशी ठेवली तर ती आठवण, यादी करून हातात दिली की फिर्याद. हे तिला कुणी शिकवलं देव जाणे, तिने तर बासष्टपैकी एकही पान वाचलेलं नाही.

पत्र लांबलं. ताईला नमस्कार, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा मेहुणा

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. त्या नोंदी मला पुसता येत नाहीत. कंपनीच्या मदतकक्षातला माणूस म्हणाला की खातं ज्यांच्या नंबरावर आहे फक्त त्यांनाच पुसता येतील, म्हणजे तुम्हाला. तेव्हा पत्र मिळताच कृपया सगळं पुसावं, रविवारच्या आत. तो असंही म्हणाला की खातेदाराच्या फोनवर प्रत्येक नोंदीची सूचना त्याच वेळी वाजते. म्हणजे पाच चाळीसला. भाऊजी, ताईला वाटतं तुम्ही प्राणायाम करता. मी काही बोललेलो नाही. फक्त संमतिपत्राची एक प्रत सोबत जोडली आहे, तिच्यात 'पाहणाऱ्याची सही' असा नवीन रकाना केला आहे.

ता. क. दुसरा, गुरुवार. पाकिटाचं वजन तीन ग्रॅम जास्त भरलं, तिकीट कमी पडलं, म्हणून पत्र घरीच राहिलं. आज पहाटेच्या नोंदीत एक इसम बाईंच्या दारापुढे ओणवा होऊन फटीतून पेपर सरकवताना दिसेल, मग दहा मिनिटं कंबर धरून तसाच अडकलेला दिसेल. तो मी आहे. ताईला दाखवू नये. पेपर बराच वेळ अर्धा आत, अर्धा बाहेर होता. मग तो आत ओढला गेला.

ता. क. तिसरा, गुरुवार दुपार. काहीही पुसू नका. पेपर परत आला, आत माझं संमतिपत्र, त्यावर लाल शाईत असं: "हरकत नाही. पण पुसण्याआधी मला दाखव. मी चालताना कुठल्या पायावर झुकते ते डॉक्टर विचारतात, आणि मला मागून बघणारं घरात कुणी नाही." तेव्हा नोंदी जपून ठेवाव्यात. तत्परतेने आधीच पुसल्या असतील, तर बाई कशा चालतात ते सविस्तर लिहून कळवावं. तुम्ही एकोणीस पहाटा पाहिलं आहे, तुमच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही.

ता. क. चौथा, शुक्रवार. काल संध्याकाळी पेपरवाल्याला गाठून आजचा पेपर माझ्या हातात द्यायला सांगितलं होतं. त्याच्या घडीत किल्ली ठेवून मीच तो कडीत अडकवला आणि पुन्हा अंथरुणात शिरलो. फोन उलटा ठेवला होता. सहा पंचवीसला कडी वाजली. पेपर दोनदा झटकला, जमिनीवरही पाहिलं, किल्ली त्यात नव्हती. कोडं नऊ मिनिटांत सुटलं.