बन्या कुठवर आला

दौंड, रेल्वे चाळ
ता. २४ जानेवारी १९६०

चिरंजीव बन्यामीन यास अक्काचा सलाम व आशीर्वाद.

आम्ही इकडं देवाच्या दयेनं बरी हाईत. तिकडं बर्फ पडतंय म्हणतात, छातीला गरम कापड लावीत जा.

तार पोचली असंल. आबा अकरा तारखेला, सोमवारी सकाळी गेलं. तारंत सगळं मावत न्हाई, म्हणून आज चर्चमधनं आल्यावर लिहायला बसले. तुझं दाजी लोको शेडला डूटीवर गेल्यात.

नाताळाच्या आधीच आबांचं एक अंग लुळं पडलं, ते तुला कळवलंच व्हतं. दाजी म्हणलं, दौंडला आणू, रेल्वेच्या दवाखान्यात दाखवू. आबा काय शिरूर सोडीनात. "बन्या येईल तवा दाराला कुलूप दिसाया नको," एवढंच म्हणायचं. मग मीच पोरांना सासूपाशी ठेवून शिरूरला जाऊन राहिले. तात्याबा रोज मळ्यातनं दूध आणायचं आन् आबांच्या उशाशी बसायचं. दोघं म्हातारी दोस्त तशातबी भांडायची. आबा म्हणायचं, तुझ्या गाडीची चाकं मी केली म्हणून तुझी बैलं सुखात हाईत.

आन् रोज एकच इचारायचं, "बन्या कुठवर आला?" मी सांगायची, आबा, कॉलेज सोडत न्हाई त्याला, परीक्षा हाय. तवा मान हलवायचं. म्हणायचं, "नेम तो नेम. मीबी सुतारशाळंतनं कुणा पोराला मधीच सोडला न्हाई."

रविवारी त्यांची जीभ जड झाली. तरीबी तेच इचारलं. माझ्याच्यानं राहवलं न्हाई. म्हणले, "मुंबईला उतरलाय आबा. उद्या येतोय." त्यांनी डोळं मिटलं आन् चांगला हात व्हता तो माझ्या हातावर ठेवला. सकाळी उठून बघते तर गेल्यालं.

पेटी त्यांच्या जुन्या पोरांनी केली. तात्याबांनी दारासाठी जपून ठेवल्याल्या फळ्या दिल्या. मातीला सगळा बाजार आला व्हता, आपली चर्चमधलीबी आन् गावातली हिंदूबी.

बन्या, मी मरत्या माणसाशी खोटं बोलले. आज प्रभुभोजन व्हतं. भाकरीचं ताट माझ्यापाशी यायच्या आत मी उठून बाहेर गेले; असं पाप मनात ठेवून प्रभूची भाकर कशी घेऊ. दाजींना म्हणले, डोकं दुखतंय. तू शिकल्याला हाईस. हे पाप केवढं, तूच सांग.

तुझी यात काय चूक न्हाई. कॉलेजनं सोडलं न्हाई, त्याला तू तरी काय करणार. मनाला लावून घेऊ नको. जेवत जा.

तुझी अक्का,
कृपाबाई


मिशिगन, अमेरिका
ता. ८ मे १९६०

प्रिय अक्का,

सप्रेम सलाम. दाजींना सलाम, पोरांना गोड पापा. माझी प्रकृती ठीक आहे. बर्फ सगळं वितळलं, झाडांना पानं आली. इथल्या लोकांना त्याचं फार कौतुक.

तुझ्या जानेवारीच्या पत्राला मी चार ओळींचं उत्तर पाठवलं होतं. तू जे विचारलं होतंस त्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. नंतर तुझी दोन पत्रं आली, त्यांत तू ते पुन्हा विचारलं नाहीस. प्रभुभोजनाला बसतेस की नाही, तेही लिहिलं नाहीस. बसत नसशील, एवढं मी तुला ओळखतो.

एक बातमी आहे. माझा विद्यार्थ्याचा व्हिसा झाला. आता मला घरी येऊन परत इथं येता येईल. दीड वर्षापासून जे अडलं होतं ते सुटलं. तू हे वाचून देवाचे आभार मानशील, म्हणून घाईनं पुढचं लिहितो. आभार मानू नकोस.

तुला आठवत असेल, मी आपल्या मिशनशाळेच्या मिस साहेबांबरोबर इकडं आलो तो सहा महिन्यांसाठी. त्या निवृत्त होऊन मायदेशी निघाल्या होत्या. इथल्या चर्चांमधून मी शिरूरच्या शाळेबद्दल बोलायचं आणि परतायचं, असं ठरलं होतं. मुंबईच्या कचेरीत मी तसंच सांगितलं आणि तसाच पाहुण्याचा शिक्का मिळाला. इथं आल्यावर या कॉलेजनं जागा देऊ केली. मी सरकारकडे अर्ज केला, की पाहुणा म्हणून आलो होतो, आता विद्यार्थी म्हणून राहू द्या. त्यांनी राहू दिलं. तुम्हा सगळ्यांना मी तेव्हा आनंदानं कळवलं. आबांनी चर्चमध्ये पेढे वाटले म्हणून तू लिहिलं होतंस.

पण त्यात एक मेख होती, ती मी कुणाला लिहिली नाही. इथं राहायची परवानगी वेगळी आणि देशाच्या दारातून आत यायची चिठ्ठी वेगळी. राहायची परवानगी मला मिळाली होती. चिठ्ठी मात्र जुनीच, पाहुण्याची, आणि तिची मुदत संपलेली. मी एकदा बाहेर पडलो, की परत येण्यासाठी बाहेरच्या एखाद्या कचेरीत नवा व्हिसा मागायला हवा होता.

डिसेंबरात दाजींची तार आली, आबा अत्यवस्थ, निघून ये. मी ती घेऊन मिस हार्परकडे गेलो. परदेशी विद्यार्थ्यांचं सगळं त्याच बघतात. त्यांनी तार वाचली आणि म्हणाल्या, "तू आजच नीघ. परीक्षेचं मी बघते."

मी विचारलं, "परत येता येईल का?"

"मुंबईला व्हिसा मागावा लागेल. मी पत्र देते. बहुतेक देतील."

"बहुतेक म्हणजे?"

"सहा महिन्यांसाठी म्हणून गेलास आणि राहिलास कसा, असं विचारतील. नाही म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे. पण तुझे वडील आजारी आहेत, बेंजामिन."

मिस साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी विमानाचं तिकीट काढून द्यायची तयारी दाखवली. म्हणजे, अक्का, रजा होती, तिकीट होतं, वाट मोकळी होती. कॉलेजनं मला एका शब्दानंही थांबवलं नाही. मी दोन दिवस त्या 'बहुतेक'चा विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला तार केली, कॉलेज रजा देत नाही. मिस हार्परना सांगितलं, वडिलांना उतार पडला. मिस साहेबांनाही तेच सांगितलं.

आबा त्यावर म्हणाले, नेम तो नेम. तुझ्या पत्रातलं ते वाक्य मी एकदाच वाचलं. पुन्हा त्या ओळीवर डोळा गेला की मी कागद उलटा करतो. स्वतः कधी खोटा खिळा ठोकला नाही त्या माणसानं माझं खोटं खरं मानून मला शाबासकी दिली.

पुढचं लिहायला मला याहून जड जातंय.

आबा गेल्याचं मी इथं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग तू का गेला नाहीस? मार्चमध्ये मिस हार्पर म्हणाल्या, इथल्या नदीपलीकडेच कॅनडा आहे, तिथल्या अमेरिकन कचेरीत तुझ्या व्हिसाचं विचारते, म्हणजे असा प्रसंग पुन्हा आला तर तू अडणार नाहीस. त्यांनी सगळी लिखापढी केली. एप्रिलच्या एकोणीस तारखेला मी बसनं तिकडे गेलो.

आत एक वयस्कर साहेब होते, सभ्य, हळू बोलणारे. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, "शिक्षण संपल्यावर तुम्ही घरी जालच, हे मी कशावरून मानू? तिकडे तुमचं कोण आहे?"

मी म्हणालो, "वडील आहेत."

अक्का, त्यांना जाऊन तीन महिने झाले होते.

"काय करतात?"

"सुतार आहेत. मिशनच्या शाळेत शिकवायचे. आता थकलेत."

"त्यांच्याकडे कोण बघतं?"

"बहीण बघते. पण तिचा संसार दुसऱ्या गावी आहे. मी एकटाच मुलगा. ते माझी वाट बघताहेत."

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, माझेही वडील सुतारच होते. आणि शिक्का मारला.

तू आहेस, पोरं आहेत, शाळा आहे, हे मी सांगू शकलो असतो, आणि ते खरं होतं. तेवढं पुरेल का याचा हिशेब मी केलाच नाही. तोंडातून आधी आबाच निघाले, कारण त्यांच्याइतकं बळकट माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

आणि मला आनंद झाला. हे लपवत नाही. मी पासपोर्ट उघडून दोनदा शिक्का बघितला, एका दुकानात बसून सफरचंदाचा गोड पदार्थ खाल्ला, बसमध्ये शेजारच्या म्हातारीशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी मिस हार्परना दाखवायला गेलो. त्या उठून उभ्या राहिल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आता सुट्टी लागली की वडिलांना भेटून ये."

मी होय म्हणालो. बाहेर आलो आणि जिन्यावरच बसलो. येणारे-जाणारे विचारायला लागले, बरं नाही का.

आता तू विचारलं होतंस त्याचं उत्तर. आबांना दोन घटका सुख मिळावं म्हणून तू म्हणालीस, बन्या मुंबईला उतरलाय. ते खोटं खरं करणं माझ्या हातात होतं. मी तेव्हाच निघालो असतो तर तुला ते बोलावंच लागलं नसतं. तू आबांना काहीतरी दिलंस. मी मेलेल्या आबांकडूनही घेतलं. त्या पापाचं माप मला विचारू नकोस, ते तुझ्या नावावर नाहीच. हे पत्र मिळेल त्यानंतरच्या प्रभुभोजनाला तू बस. एवढी एकच विनंती मी या पत्रात करतो आहे.

गेल्या गुरुवारी मी मिस हार्परना सगळं सांगितलं. त्यांनी माझी फाइल उघडून त्या साहेबांचा पत्ता काढून दिला. मग म्हणाल्या, "त्या साहेबांना तुलाच लिहावं लागेल. मी लिहिणार नाही." मी लिहिलं. वडील जानेवारीत वारले होते, हे मी तुमच्यापुढे बसलो तेव्हा मला माहीत होतं, असं स्पष्ट लिहिलं. शनिवारी पत्र टाकलं. ते व्हिसा रद्द करतील किंवा ठेवतील. उत्तराची वाट न बघता मी निघतो आहे. चौदा जूनला न्यूयॉर्कहून बोट आहे, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला लागेल. परत इथं येता येईल की नाही, मला ठाऊक नाही. डिसेंबरात हेच ठाऊक नसताना निघायचं होतं.

चर्चचे पाळकसाहेब स्टेशनवर हार घेऊन येतो म्हणतील, त्यांना येऊ देऊ नकोस. हे पत्र दाजींना वाचून दाखव. त्यांनी तार केली होती, त्यांचा हक्क आहे. तात्याबांना मात्र काही सांगू नकोस, त्यांना मी समोर बसून सांगेन. ते काय बोलतील याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटते, म्हणून ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून जायला नको.

मी दौंडला उतरेन. तुझ्या दारात आलो की तू आत घेशील, हे मला माहीत आहे, आणि त्याचीच लाज वाटते. तू चार दिवस बोलली नाहीस तरी चालेल. शिरूरला आबांच्या मातीवर मी आधी एकटा जाईन. तुला यावंसं वाटलं तर ये.

पत्राच्या खाली मी नेहमी 'तुझा लाडका भाऊ' लिहितो. आज ते तुझ्यावर सोडतो आणि नुसतं नाव लिहितो.

बन्यामीन