द्वारा धाकटा भाऊ

मी, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार स्वतःच्या मालकीच्या गाडीत, असे लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, हात कापत नाही आणि हे लिहिताना माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. वकीलबाईंनी छापील मसुदा दिला होता. त्यात 'कोणाविषयीही राग न ठेवता' असे शब्द होते, ते मी खोडले आहेत. राग आहे, आणि तो ठेवूनच लिहिते आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, फक्त कागदपत्रं तेवढी करून ठेवा." आता यावर माणसाने घाबरू नये तर काय करावं?

सात वर्षांपूर्वी केलेलं माझं पहिलं मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं. त्यात मी सगळंच्या सगळं धाकट्या भावाला दिलं होतं. का दिलं होतं आणि का काढून घेतलं, ते पुढे येईल.

कलम १. गाडी. नवरा गेल्यावर मी राहतं घर विकलं आणि ही गाडी घेतली. आधी ती एका बेकरीची होती, म्हणून उन्हात तापली की अजून पावाचा वास येतो. खाट, खाटेखालचे कप्पे, खिडक्यांचे पडदे, ऊन अडवायला भिंतीत भरलेला कापूस, सगळं मी माझ्या हाताने बसवलं. गावोगाव फिरून मशीन दुरुस्त करायचं तर घराला कुलूप लावून लॉजवर कशाला राहायचं, हा माझा सरळ हिशेब होता. मुलीला तो पटला नाही. "लोकांच्या आया म्हातारपणी घरात बसतात, तू रस्त्यावर राहणार?" असं ती म्हणाली. मीही तोंड सोडलं. तेव्हापासून बोलणं बंद. तर ही गाडी माझ्या पश्चात माझ्या मुलीला मिळावी. पोरी, विकायची तर खुशाल विक. पण आधी एकदा खाटेवर आडवी हो आणि छताची खिडकी उघडून बघ. दुसरा गिअर जरा रुसतो, त्याच्यावर जोर करू नकोस.

कलम २. सपाटी बघायची पाणसळ, चाकाखाली घालायचे चार लाकडी ठोकळे, सोलर पॅनेल आणि दोन्ही बॅटऱ्या धारवाल्यांना द्याव्यात. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे हे गृहस्थ माझ्यासारखेच गाडीत राहतात आणि मैदानात माझ्या शेजारी उभे असतात. पहिल्या आठवड्यात मला रोज सकाळी डोकं ठणकायचं. मी गोळ्यांवर गोळ्या घेत होते. ते पाणसळ घेऊन आले, माझ्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "अहो ताई, तुम्ही डोकं उताराला करून झोपताय. आधी गाडी सपाट करा, मग दुखणं शोधा." गाडीत राहायला काय काय लागतं ते मी या माणसाकडून शिकले, आणि त्यांनी एकदाही उपकाराची भाषा केली नाही.

कलम ३. पाण्याचे वीस लिटरचे तीन कॅन, एका बर्नरची शेगडी, घडीची खुर्ची आणि डोक्याला बांधायची बॅटरी हेही धारवाल्यांनाच. राहिली झाकणाची बादली आणि लाकडाच्या भुशाचं पोतं. बायका माझी गाडी बघायला येतात, वा वा करतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "पण मग... ते... कुठे?" तर ते तिथे. ही बादली धाकट्याच्या नावे लिहावी असं फार मनात होतं. वकीलबाईंनी हात जोडले, म्हणून धारवाल्यांना.

कलम ४. गॅस गळला तर वाजणारी घंटी गाडीतच राहू द्यावी. सात वर्षांत दोनदा वाजली आणि दोन्ही वेळा खरी वाजली. आपल्या माणसांबद्दल मला एवढं म्हणता येत नाही.

कलम ५. माझी हत्यारं. स्क्रूड्रायव्हरांचा संच, तेलाच्या कुप्या, जुन्या मशीनचे आता कुठेच न मिळणारे भाग भरलेला डबा आणि भिंगाचा चष्मा हे सगळं पोस्टमनच्या बायकोला द्यावं. ती शिवते, आणि मशीन बिघडलं तर आधी स्वतः उघडून बघते. तशी बाई मला धंद्यात क्वचित भेटली. तिच्या नवऱ्याचं पुढच्या कलमात येईल.

कलम ६. पत्ता. गाडीत राहायला काय लागतं असं लोक विचारतात. मी शेगडी सांगते, बॅटरी सांगते, बादली सांगते. पण सगळ्यात आधी लागतो तो पत्ता. बँक, लायसन, दवाखाना, जिकडे जावं तिकडे 'कायमचा पत्ता' लिहा. मैदान लिहून चालत नाही. धाकटा म्हणाला, "ताई, माझा दे की. मी काय परका आहे?" तेव्हापासून माझ्या नावाखाली 'द्वारा' लिहून त्याचं नाव आणि वडिलांच्या घराचा पत्ता. दर दोन महिन्यांनी मी जायचे. बँकेचं, विम्याचं, सगळं रबर लावून, तारखेप्रमाणे लावून ठेवलेलं असायचं. शाळेत कारकुनी करतो, अक्षर मोत्यासारखं, काम चोख. मी कौतुकाने म्हणायचे, "तू होतास म्हणून निभावलं रे." तो लाजायचा. आता कळतं, तो का लाजायचा.

गेल्या महिन्यात त्याच्याच गावात मैदानावर उभी होते. एक निवृत्त पोस्टमन बायकोचं मशीन घेऊन आला. पावतीवर माझं नाव वाचून म्हणाला, "तुम्हीच का त्या? मुलीची पत्रं परत पाठवायच्या?" मी म्हटलं, "कुठली पत्रं?" तो घरी गेला आणि बायकोसोबत एक पाकीट घेऊन आला. मुलीने तीन पत्रं पाठवली होती. फोनवर आमचं दोन मिनिटांत वाजतं, म्हणून तिने लिहायचं ठरवलं. तिन्ही धाकट्याने परत केली. पहिली दोन तिच्याकडे पोचली. तिसरं परत गेलं तोवर तिने घर बदललं होतं, म्हणून ते फिरून पोस्टात आलं आणि या पोस्टमनच्या खणात पाच वर्षं पडलं. फेकायचा धीर झाला नाही, म्हणाला. पाकिटावर माझं नाव आणि वर मोत्यासारख्या अक्षरात: 'सदर बाई पत्र घेण्यास नकार देतात.'

सदर बाई! ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलं, चड्डीची नाडी बांधून दिली, त्याची मी सदर बाई!

आत लिहिलं होतं: "आई, मी चुकले. पुढच्या महिन्यात माझं बाळंतपण आहे. ये. आम्ही घर बदलतोय, पत्ता खाली आहे. गाडी दारातच लाव, जागा आहे." हे मी मशीनच्या टेबलावर वाचलं. पोस्टमनची बायको पाणी घेऊन आली, ते तसंच ठेवून मी उठले.

मी तशीच धाकट्याकडे गेले. पाकीट पुढे ठेवलं. आधी म्हणाला, "तुम्हा दोघींचं पुन्हा वाजलं असतं, ताई. तुझ्याच भल्यासाठी केलं." मी पाकिटावरच्या त्याच्या अक्षरावर बोट ठेवलं. मग खाली बघत म्हणाला, "तू घराचा हिस्सा माझ्या नावे लिहिला होतास. तुमचं जुळलं असतं तर तू कागद बदलला असतास. माझी मुलं याच घरात वाढली गं." एवढंच. घराच्या अर्ध्या भागासाठी माझ्या मुलीला आई ठेवली नाही त्याने. आणि बाळंतपणाला हा दवाखान्यात हजर, हेही त्याच्याच तोंडून कळलं! बाळाला पहिलं यानेच घेतलं, आणि मुलीने विचारलं तेव्हा सांगितलं, "ताई येणार नाही म्हणाली."

मग मी नव्या पत्त्यावर गेले. मुलीने दार उघडलं. मागे पाच वर्षांची पोरगी उभी होती, हनुवटी माझ्या नवऱ्याची. मी पाकीट दाखवलं, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामाने मला कॉलेजला घातलं. मामा खोटं बोलेल आणि तू खरं? मामाने स्वतः लिहून दिलं तर मानेन." दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

धाकट्याला म्हटलं, लिहून दे. तो म्हणाला, "लिहून दिलं तर ती मला दारात उभं करणार नाही." मी म्हटलं, "मला करते का?" यावर उठून आत गेला. मंगळवारच्या आत मला ते लिहिलेलं हवं आहे. मेल्यावर नकार देणारी बाई म्हणून मुलीच्या डोक्यात राहायची माझी तयारी नाही.

कलम ७. वडिलांच्या घरातला माझा अर्धा हिस्सा. वकीलबाईंनी सांगितलं की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याच्या नावे त्यात काही ठेवू नये. ऐकून मी तिथेच ठरवलं. खाली दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी ठेवली आहे. धाकट्याने तिथे सही केली नाही, तर वकीलबाईंचा कारकून करेल आणि हिस्सा धाकट्याला जाईल. मी त्याच्याशी भांडणार नाही, राहा म्हणावं सुखाने. मात्र त्याने तिथे काय घडलं ते स्वतःच्या हाताने लिहून सही केली, तर तो साक्षीदार झाला, आणि हिस्सा माझ्या मुलीला. घर हवं की खरं लिहायचं, एवढंच त्याला विचारते आहे. त्याला बोलावणं धाडलं आहे. मी त्याला जन्मापासून ओळखते, तो घर घेईल. तरी जागा ठेवली आहे.

कलम ८. या मृत्युपत्राची एक प्रत मी जिवंत असतानाच, आजच, मुलीच्या हातात द्यावी. पोस्टाने पाठवू नये. पोस्टमनने स्वतः न्यायचं कबूल केलं आहे.

हे मृत्युपत्र मी वाचलं, मला समजलं, मला मान्य आहे. खोडाखोड माझीच आहे.

ठिकाण: वकीलबाईंच्या ऑफिससमोर उभी असलेली माझी गाडी, चाकांखाली ठोकळे घालून.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा गुरुवार.
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला: निवृत्त पोस्टमन. बाईंनी माझ्यासमोर सही केली. पाकीट मी पाच वर्षं ठेवून घेतलं, आधीच शोधत यायला हवं होतं. (सही)

साक्षीदार दुसरा: मी यांचा सख्खा धाकटा भाऊ. वरचं सगळं वाचलं, कलम सातसुद्धा. तिन्ही पाकिटांवर 'नकार देतात' हे मी लिहिलं. पत्रं आल्याचं ताईला माहीतही नव्हतं. दवाखान्यात जे सांगितलं ते माझ्या मनचं होतं. पोरी, तुझी आई कधीच नाही म्हणाली नव्हती. (सही)