तवंदी घाटात मीच पुढे घेतलेल्या टायमिंगबाबत

लिहून ठेवणार: शामू रवळू तरळे, वय ७५, पूर्वीचा धंदा मोटार मेस्त्री, राहणार उचगाव, जिल्हा बेळगाव (सरकारी कागदावर बेळगावी).

हा कागद मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायला घरात कोणी उरलेलेही नाही. माझी अक्कल ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. ऋतिका यांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. कानांचा दाखला त्यांना देता आला नाही. कचेरीत कन्नड पाहिजे म्हणाले तर तर्जुमा करून घ्यावा, पण कलम तीन जसेच्या तसे राजश्रीच्या हाती पडावे.

कलम एक. उचगावचे राहते घर आणि परसातील शेड चिरंजीव ओमकार यास. तो पुण्याला बॅटरीवरच्या गाड्यांच्या कंपनीत आहे. घर तो विकणार हे मला माहीत आहे. विकावे. त्याच्या आईने, कै. अक्काताईने, लावलेले लिंबाचे झाड तोडू नका, एवढे घेणाऱ्याला एकदा सांगून बघावे. ऐकतील असे वाटत नाही.

कलम दोन. पाने, फीलर गेज, कार्बोरेटरच्या जेटांचा डबा, सगळी हत्यारे सांबऱ्याचे मेस्त्री नागेंद्र यांना. हे नागेंद्र लाईटची बंदूक इंजिनावर धरून, खुणा बघून टायमिंग लावतात. मी तीस वर्षे त्यांना नावे ठेवली. लाईट बघून टायमिंग लावणारा मेस्त्री म्हणजे पुस्तक बघून भाकरी थापणारी बाई, असे मी चारचौघांत म्हणत असे. ते शब्द मी मागे घेतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी, कारण दुसरे कोणी करणार नाही.

कलम तीन. हे निपाणीचे कै. सन्मती मगदूम यांची कन्या राजश्री हिच्यासाठी आहे.

सन्मतीचे निपाणीत भांड्यांचे दुकान आणि १९६४ सालची फियाट. ती गाडी माझ्याशिवाय कोणाच्या हाती त्याने दिली नाही. मे २०१४ मध्ये राजश्रीचे लग्न संकेश्वरला ठरले. नवरी याच गाडीतून न्यायची म्हणून आदल्या दिवशी तो गाडी दाखवायला आला.

प्लगमध्ये ठिणगी कधी पडावी, म्हणजेच टायमिंग, ते डेल्को ठरवतो. डेल्को फिरवून ठिणगी जरा लवकर पाडली तर गाडी चढाला पळते. फारच लवकर पाडली तर इंजिन आतून टकटक वाजते आणि शेवटी पिस्टन जळतो. आमची कानाने लावायची रीत अशी, की गाडी घाटात न्यायची, टॉप गिअरमध्ये ॲक्सिलेटर दाबायचा, आणि टकटक ऐकू येईपर्यंत डेल्को थोडा थोडा पुढे घ्यायचा. ऐकू आली की केसभर मागे. माझ्या बापानेही असेच लावले.

त्या दिवशी तवंदी घाटात मी चार वेळा उतरून डेल्को पुढे घेतला. टकटक काही येईना. काय इंजिन आहे, असे मला वाटले आणि छाती फुगली. सन्मती शेजारी बसला होता. तो म्हणाला, "शामूअण्णा, काय तर वाजतंय की."

मी म्हणालो, "कान माझं का तुझं रं? गप बस."



दुसऱ्या दिवशी भरल्या गाडीने, मेच्या उन्हात, त्याच घाटात पिस्टनला भोक पडले. नवरी कांद्याच्या टेंपोतून मुहूर्त टळल्यावर मांडवात पोचली. लग्नानंतर दोन दिवसांनी गाडी ओढून माझ्या गॅरेजवर आणली तेव्हा मुलीकडचे दहाबारा लोक आणि खुद्द जावई उभे होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "सन्मती, पेट्रोलात रॉकेल घातलंस न्हवं? चार पैसं वाचवाय गेलास."

तो म्हणाला, "व्हय अण्णा. माझंच चुकलं."

टाकीतले पेट्रोल मी आधीच हुंगून बघितले होते. ते स्वच्छ होते.

पंधरा दिवसांनी मी स्वयंपाकघरात बसलो होतो. अक्काताई परसातून आली आणि म्हणाली, "पाच शिट्ट्या झाल्या. हतं बसून हाईसा, आणि गॅस बंद कराय येत न्हाय व्हय?" मी एकही ऐकली नव्हती. मोठे आवाज मला येत होते, बारीक गेले होते. शेडमध्ये जाऊन डेल्कोची खूण बघितली. ती जिथे असायला हवी होती त्याच्या कितीतरी पुढे होती. टकटक पहिल्या वेळेपासून वाजत असणार. सन्मतीला ती ऐकू आली होती.

मी बोललो नाही. मेस्त्री बहिरा झाला हे कळले तर गॅरेजवर काळे कुत्रे फिरकणार नाही, ही भीती. तीन वर्षांत गॅरेज तसेही बंद पडले. सन्मतीने गाडीची कागदपत्रे माझ्या नावावर करून दिली आणि बदल्यात काही घेतले नाही. राजश्रीने मात्र बाप आपल्या लग्नात रॉकेलवर पैसे वाचवायला गेला हे मनात धरले. सासरी तिला त्यावरून टोचून बोलत. ती माहेरी यायची बंद झाली. २०२२ साली सन्मती गेला, तेव्हा ती मातीला आली आणि चहा न घेता परत गेली. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

राजश्री, तुझ्या बापाने रॉकेल घातले नव्हते. मी खोटे बोललो आणि त्याने ते अंगावर घेतले. हे त्याच्या हयातीत सांगायचे होते. आता सांगून काय परत येणार, हे मलाही कळते.

कलम चार. सदर फियाट राजश्रीला. ती घेणार नाही हे धरून चाललो आहे. नवा पिस्टन मी घातला आहे. हल्लीच्या पेट्रोलला पूर्वीचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोके, पुरत नाहीत म्हणून ते वाढवले आहेत. हवा-पेट्रोलचे मिश्रण लावले आहे. ते डोळ्यांनी लावता येते, प्लग चहात बुडवलेल्या टोस्टच्या रंगाचा झाला की झाले. टायमिंग लावलेले नाही. डेल्कोचा बोल्ट ढिला आहे. नागेंद्र यांनी तो आपल्या लाईटने लावावा, गाडी तिच्या दारात न्यावी, आणि ती तयार झाली तर तिला एकदा तवंदी घाट चढवून आणावे. सन्मती बसला होता त्याच जागेवर तिला बसवावे. काहीतरी वाजते आहे असे ती म्हणाली, तर गाडी तिथेच थांबवावी.

ठिकाण: उचगाव
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६
सही: शामू रवळू तरळे

साक्षीदार:
१. रायाप्पा कल्लाप्पा हुंदरे, उचगाव. सही माझ्यासमोर केली.
२. बाळाबाई यल्लाप्पा पावशे, निवृत्त शिक्षिका, उचगाव. वरील मजकूर मी त्यांना मोठ्याने दोनदा वाचून दाखवला. त्यांना ऐकू आला नाही. मग त्यांनी तो स्वतः वाचला, कलम तीनवर बराच वेळ थांबले, आणि सही केली.